निकालाची रात्र पत्रकाराने कशी साजरी करायची, रत्नागिरीतून सांगतोय

दर निवडणुकीला आमच्याकडची नवीन पोरं विचारतात, सर, निकालाच्या रात्री आपण पण जल्लोष करायचा का? करायचा की. महिना-दीड महिना वाड्यावाड्यांतून फिरून, उन्हात कातळाचे सडे तुडवून, बातम्या पाठवून आपण पार थकलेलो असतो, आणि लोकांनी रांगेत उभं राहून मत दिलं, ते नीट मोजलं गेलं, ही आनंदाचीच गोष्ट आहे. फक्त कधी, कुठे आणि कोणाबरोबर तेवढं सांभाळायचं.

रात्र नीट जायची असेल तर तयारी आदल्या दिवशीच करा. विधानसभा-लोकसभेची मोजणी सकाळी ८ ला सुरू होते, आधी टपाली मतं आणि अर्ध्या तासाने मशीन. एका विधानसभा मतदारसंघाला साधारण १४ टेबलं, एका फेरीत टेबलामागे एक मतदान केंद्र, म्हंजे ३५० केंद्रं असतील तर २५ फेऱ्या. आता महत्त्वाचं हे की केंद्रं नंबरानेच टेबलावर येतात, त्यामुळे पहिल्या चार-पाच फेऱ्या मतदारसंघाच्या एकाच टोकाच्या असतात, आणि तिथला जोर बघून कोणीतरी व्हॉट्सॲपवर ‘विजयी’ टाकून मोकळा होतो. केंद्रांची यादी घ्या, मिरकरवाडा कितव्या फेरीत, गणपतीपुळ्याकडची गावं कितव्या, हे वहीत पेनाने लिहून ठेवा. वहीतच, कारण मोजणीच्या हॉलमध्ये मोबाईल चालत नाही. आणि शेवटची फेरी झाली म्हणून लगेच उठू नका, सोडतीने काढलेल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हंजे मत दिल्यावर मशीनशेजारी छापून पडणाऱ्या कागदी चिठ्ठ्या, मोजायच्या असतात, त्यात वेळ जातो. निवडून आलेल्याच्या हातात प्रमाणपत्र पडलं की मगच ऑफिसातल्या बातम्यांच्या डेस्कला ‘फायनल’ म्हणून कळवा.

मग विजयाची मिरवणूक बघायला मारुती मंदिर चौकात जा. ढोल, फटाके, गुलालाचा लोट, हे बघायलाच पाहिजे, बातमीत ते दिसलं पाहिजे. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि खिशात ओला पंचा ठेवा, गुलाल लेन्सच्या खाचेत गेला की निघत नाही. पोरं नाचायला ओढतात तेव्हा हात जोडून ‘दादा, कामावर आहे’ म्हणायचं, कोणी वाईट वाटून घेत नाही. पेढा पण नको, आमदार आपला पाहुणा नाही. स्पीकर १० नंतर वाजतोय का ते घड्याळ बघून लिहून ठेवा, ती पण बातमीच आहे.

गुलालाचं एवढं का सांगतोय तर माझ्या पहिल्याच निकालाला कोणीतरी प्रेमाने कपाळाला लावला, मी पुसला नाही, आणि तसाच पडलेल्या उमेदवाराच्या घरी प्रतिक्रिया घ्यायला गेलो. दार त्याच्या आईने उघडलं. माझ्या कपाळाकडे बघून ती काही बोलली नाही, ‘बसा, पाणी आणते’ एवढंच म्हणाली. ते पाणी मला गिळवेना. तेव्हापासून नियमच केलाय, मिरवणुकीतून निघालं की पहिल्या नळावर तोंड, मान, हात धुवायचे, शर्ट बदलायचा, आणि मग पडलेल्याकडे जायचं. पण जायचंच, फोनवर उरकायचं नाही. तिथे अंगणात खुर्च्या तशाच मांडलेल्या असतात, पाच-सहा माणसं गप्प बसलेली असतात, आणि ज्यांनी त्याला मत दिलं त्या हजारो लोकांची बातमी तिथेच असते. दहा मिनिटं बसा, मग प्रश्न विचारा.

बातमीची कॉपी ऑफिसला गेली की आपला जल्लोष. मोजणीच्या दिवशी निकाल लागेपर्यंत तरी ड्राय डे असतोच, आणि नंतर दुकान उघडलं तरी मी म्हणेन नको, रात्री डेस्कचा फोन येतो आकडा तपासायला, डोकं जागेवर पाहिजे. जेवण मात्र मस्त हवं. नोव्हेंबरचा निकाल असेल, २०२४ च्या २३ तारखेसारखा, तर ताजा बांगडा तळून घ्या. २०२४ च्या लोकसभेचा ४ जूनला लागला, तेव्हा १ जूनपासून मासेमारी बंद, मग सुकटीची चटणी, गरम भात आणि सोलकढी, त्याची मजा वेगळीच.

आणि एकटे जेवू नका. दिवसभर ज्याच्याशी बातमीसाठी चढाओढ केली त्या दुसऱ्या पेपरवाल्याला, फोटोग्राफरला, गाडीच्या ड्रायव्हरकाकांना सगळ्यांना एका टेबलावर बसवा. आमच्यात मोजणीआधी प्रत्येकाने मताधिक्याचा अंदाज चिठ्ठीवर लिहून द्यायचा असतो, जेवताना चिठ्ठ्या उघडतात आणि ज्याचा सगळ्यात लांब गेला त्याने चहा पाजायचा. मागच्या वेळी सगळ्यात जवळचा अंदाज ड्रायव्हरकाकांचा होता, कारण आम्ही सभेच्या स्टेजसमोर बसलेलो तेव्हा ते बाहेर टपरीवर लोकांशी बोलत होते. पुढच्या निवडणुकीला मी पण सभा अर्ध्यात सोडून टपरीवर बसणारे.