जुन्या जीपची गळकी डिझेल टाकी बदलताना

आपल्याकडे रत्नागिरी-मालवण पट्ट्यात खारा वारा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे जुन्या जीपची टाकी बहुतेक तिला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीखालीच सडते, कारण तिथल्या रबरात खारं पाणी साचून राहतं. एम-सील लावून थोडे दिवस निघतात पण पत्रा पातळ झाला की बदललेलीच बरी. आणि प्लीज, रिकाम्या टाकीला वेल्डिंग मारायला देऊ नका, आत वाफ असते, स्फोट होतो!

काम उघड्यावर करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, मग खालचा ड्रेन नट सोडून डिझेल कॅनमध्ये घ्या. सप्लाय (इंजिनकडे डिझेल नेणारा) आणि रिटर्न (उरलेलं परत आणणारा) पाइपला खूण करून ठेवा, उलटे लागले तर गाडी नीट चालणार नाही. फ्लोटची, म्हणजे टाकीत डिझेल किती ते काट्याला सांगणाऱ्या तरंग्याची, वायर सोडा, टाकीला खालून जॅक आणि फळीचा आधार द्या आणि मगच पट्ट्यांचे बोल्ट सोडा. गंजलेले असतात, आदल्या रात्रीच तेल मारून ठेवा.

नवीन टाकी आतून पुसून घ्या, बाहेरून रेड ऑक्साइडचे दोन हात, पट्टीखाली नवीन रबर. फ्लोटचं पॅकिंग, होस, क्लिपा जुन्या वापरू नका.

डिझेल फिल्टरही बदला, जुना गंज त्यातच अडकलेला असतो. शेवटी टाकी बसवून डिझेल भरलं की पाइपात शिरलेली हवा काढायला फिल्टरचा एअर स्क्रू ढिला करून डिझेलचा हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळा, बॅटरीची वायर परत जोडा आणि स्टार्टर मारा. इंजिन चालू असताना सगळे जॉइंट कोरड्या फडक्याने पुसून बघा.