कुंकू काळं दिसलं पाहिजे: जुन्या वळणाचा फोटो कॉम्प्युटरवर कसा करावा

जुन्या वळणाचा फोटो करायचा म्हटलं की लोक आधी तपकिरी फिल्टर लावतात आणि वर ओरखडे पसरतात. माझं ऐकाल तर ही दोन्ही कामं सगळ्यात शेवटी करा. त्या काळी फिल्मऐवजी रसायन लावलेली काच कॅमेऱ्यात घालत. त्या काचेला कोणते रंग दिसत होते, खरा जुनेपणा त्यातून येतो. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची (काचेवर लावायच्या चिकट द्रावणाची) पद्धत जाहीर केली. ती काच निळा आणि अतिनील प्रकाश तेवढा टिपायची. पुढे ऑर्थोक्रोमॅटिक काचा आल्या, त्यांना हिरवंही दिसू लागलं. लाल मात्र त्यांनाही दिसत नव्हतं.

म्हणून मी सुरुवात कपड्यांपासून करते. आत्याला नऊवारी नेसवून बसवलं तेव्हा निळी पैठणी, जरीचे काठ आणि कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. रंग काढल्यावर साडी फिकट राखाडी झाली, कुंकू जवळजवळ काळं पडलं, ओठ गडद झाले. काठाचा पिवळाही काळवंडला, पण उजेड थेट पडला होता तिथली जर चमकत राहिली. आत्या निरखून म्हणाली, "अगं, आजीच्या फोटोत कुंकू असंच आहे बघ." नुसत्या तपकिरी फिल्टरने हे कधीच होत नाही.

उजेड उत्तरेकडचा घ्या. जुन्या स्टुडिओंना वरून आणि बाजूने काचा असायच्या, त्यामुळे चेहऱ्याची एक बाजू हळूहळू सावलीत जायची. आमच्या नारायण पेठेतल्या घरात जिन्याचा वरचा दरवाजा उघडला की अगदी तसा उजेड येतो. फ्लॅश नको. माणसाला पाठीच्या खुर्चीत बसवा, एक हात टेबलावर टेकवा. तेव्हा एका फोटोला काही सेकंद लागत आणि डोकं हलू नये म्हणून मागे लोखंडी टेका लावत. त्या चेहऱ्यांवर हसू क्वचितच दिसतं, त्याचं हेही एक कारण. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर अर्धा ते एक सेकंद उघडं ठेवा. बोटं किंचित हलली तर हलू द्या.

१८४० सालच्या पेट्झव्हाल भिंगाने मधला भाग लखलखीत यायचा आणि कडा विरघळायच्या. ८५ मिलिमीटरची लेन्स पूर्ण उघडून जवळच्या डोळ्यावर फोकस केला की बरंचसं काम होतं. इतका वेळ शटर उघडं ठेवून फोटो पांढरा पडत असेल तर लेन्सपुढे उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा. फोनचा पोर्ट्रेट मोड केसांच्या बटा कापतो, तो बंद ठेवा. टेलिफोटोने काढा आणि कडा नंतर हाताने धूसर करा.

फोटो रॉ मध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच) काढा, कारण निळ्या चॅनेलमध्ये, म्हणजे फोटोतल्या निळ्या रंगाच्या थरात, दाणे फार उठतात आणि जेपेगमध्ये तिथे डाग पडतात. आता गिंपमध्ये 'मोनो मिक्सर' किंवा फोटोशॉपमध्ये 'चॅनेल मिक्सर' उघडा (तिथे 'मोनोक्रोम'वर खूण करा). लाल ०, हिरवा ३०, निळा ७० टक्के ठेवा. कलोडियनसारखं हवं असेल तर हिरवा जवळजवळ काढून टाका. आपली गव्हाळ-सावळी त्वचा निळ्यात खूप गडद होते. मग चेहरा उजळवायचा मोह होतो. तो आवरा. फार तर हिरवा ४० पर्यंत न्या आणि कर्व्हने मधल्या छटा थोड्या उचला. माणूस गोरा दाखवण्याचं काम या तंत्राचं नाही.

रंग आता चढवायचा. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा कागद १८५० पासून वापरात आला. त्यावरचे सोन्याच्या क्षाराने टोन केलेले ठसे (प्रिंट) सगळीकडे सारखे तपकिरी नसतात: सावल्या जांभळट, उजळ भाग पिवळसर साय असल्यासारखे. म्हणून सावल्यांना आणि उजळ भागांना वेगवेगळा टोन द्या, अगदी हलका. शक्य असेल तर जुन्या बाजारात जाऊन एखादा खरा ठसा हातात धरून बघा. स्क्रीनवरचे नमुने बघून डोळा तयार होत नाही.

ओरखड्यांसाठी इंटरनेटवरून तयार पोत (टेक्स्चर) उतरवून लावू नका. एखाद्या जुन्या कार्डाची कोरी मागची बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा, फोटोवर 'मल्टिप्लाय' थर करून त्याची ओपॅसिटी २० ते ३० टक्क्यांवर ठेवा. डाग चेहऱ्यावरून पुसा.

छापताना कॅबिनेट कार्डाचं (तेव्हाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फोटोचं) माप घ्या: पुठ्ठा सव्वाचार बाय साडेसहा इंच, फोटो साधारण ४ बाय साडेपाच. ३०० डीपीआयला १२०० बाय १६५० पिक्सेल पुरतात. कागद मॅट. पुठ्ठ्यामागे माणसाचं नाव आणि यंदाचं साल मऊ पेन्सिलीने लिहा, शाई पुढे उमटते. साल लिहायलाच हवं, नाहीतर पन्नास वर्षांनी घरातलंच कुणी हा फोटो पणजीचा समजून बसेल.