शाब्दिक उदाहरणांची समीकरणं मांडताना या चुका टाळा

सहामाहीचे पेपर तपासताना दरवर्षी एकच चित्र दिसतं. समीकरण तयार दिलेलं असलं की पोरं ते झटक्यात सोडवतात, पद पलीकडे नेऊन चिन्ह बदलणं, भाग देणं, सगळं तोंडपाठ असतं, पण तेच समीकरण चार ओळींच्या गोष्टीत घालून दिलं की निम्मा वर्ग जागा सोडून पुढं जातो आणि उरलेल्यातले बरेच जण असं काहीतरी मांडतात की खालची आकडेमोड कितीही बरोबर असली तरी उपयोग नाही. मी सोलापुरात आठवी ते दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते, मराठी मीडियम आणि सेमी दोन्ही, आणि बॅच बदलली तरी चुका त्याच राहतात. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. मुलांनी वाचावं, आणि संध्याकाळी घरी अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांनी तर नक्कीच.

अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूंची संख्या

माझ्या मते सगळ्यात नुकसान करणारी चूक हीच, त्यामुळं हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे. उदाहरण साधंच आहे: एका दुकानात टॉवेलांची संख्या चादरींच्या संख्येच्या सहापट आहे, दोन्ही मिळून १६८ नग आहेत, तर टॉवेल किती आणि चादरी किती? सोलापूरच्या पोराला टॉवेल-चादर समजावून सांगायची गरज नाही. तरीसुद्धा टॉवेलला ट, चादरीला च घेऊन धडाधड लिहिलं जातं, ६ट = च. आणि हे उलटं आहे.

माझ्याकडे एक मुलगा होता, घरात यंत्रमाग, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. तोंडी हिशेबात इतका पक्का की कामगारांचा आठवड्याचा पगार वडिलांच्या आधी सांगायचा. त्यानं हेच उदाहरण सोडवलं, ६ट = च मांडलं, ट + ६ट = १६८, म्हणजे ७ट = १६८, ट = २४, च = १४४. खाली व्यवस्थित ताळासुद्धा लिहिला, २४ + १४४ = १६८. वही माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, ताळा जुळला की." मी म्हटलं, आता प्रश्न परत वाच, मोठ्यानं. वाचला. दुकानात जास्त काय आहे? "टॉवेल." आणि तुझ्या उत्तरात? गप्प बसला. मग त्यानं जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणाला, "पण मॅडम, एका चादरीमागं सहा टॉवेल आहेत, मग सहा टॉवेल बरोबर एक चादर, तेच तर लिहिलंय."

म्हणजे गोष्ट त्याला शंभर टक्के समजली होती. त्याच्या डोक्यात ट म्हणजे टॉवेल ही वस्तू होती आणि बरोबरचं चिन्ह म्हणजे 'मागं'. पण बीजगणितात ट म्हणजे टॉवेल नव्हे, टॉवेल किती आहेत तो आकडा. आणि बरोबरचं चिन्ह म्हणजे दोन्ही बाजूंना एकच संख्या. टॉवेल आधीच जास्त आहेत, त्यांनाच परत सहानं गुणलं तर चादरीशी बरोबरी कशी होणार? गुणायचं ते कमी असलेल्याला. ट = ६च, मग ७च = १६८, चादरी २४, टॉवेल १४४.

ही चूक फक्त आपल्या पोरांची आहे असंही समजू नका. १९८० च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना असाच प्रश्न दिला होता, विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत, समीकरण लिहा. ३७ टक्के मुलांचं चुकलं, आणि चुकलेल्यांतल्या बहुतेकांनी अगदी हेच उलटं समीकरण लिहिलं होतं. त्यामुळं घरी पोराचं असं चुकलं की "डोकं कुठंय तुझं" म्हणून ओरडू नका, तो वाक्य डावीकडून उजवीकडं जसंच्या तसं उतरवतोय, एवढंच होतंय.

यावर मी दोन सवयी लावते. पहिली, 'मानू' ची ओळ पूर्ण वाक्यात लिहायची. "समजा चादर = क्ष" असं लिहिलेलं मी खोडतेच. "चादरींची संख्या क्ष मानू" असं पाहिजे, किंमत असेल तर "एका चादरीची किंमत क्ष रुपये मानू". दुसरी सवय म्हणजे समीकरण लिहायच्या आधी खोटा आकडा टाकून बघायचा. चादरी १० असत्या तर टॉवेल किती असते? ६०. कसे आले? १० ला ६ नं गुणून. म्हणजे चादरीच्या आकड्याला सहानं गुणलं की टॉवेलचा आकडा येतो, मग तेच लिही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण पोरांना तेवढाही धीर नसतो, त्यांना पहिल्या ओळीत क्ष दिसल्याशिवाय गणित सुरू झालंय असं वाटतच नाही. जमल्यास वस्तूचं पहिलं अक्षर घेऊच नका, त्यानंच निम्मा घोटाळा होतो. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, बाराव्या शतकात, एकाहून जास्त अज्ञात संख्या आल्या की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं वापरलेली आहेत. निळा रंग म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यापुढं टॉवेल येत नाही.

ताळा समीकरणात नाही, गोष्टीत घ्यायचा

वरच्या मुलाचा ताळा का जुळला ते नीट बघा. बेरीज १६८ ही अट त्यानं बरोबर वापरली होती, सहापटीची अट उलटी होती, आणि ताळा घेतला फक्त बेरजेचा. आपणच मांडलेल्या समीकरणात उत्तर घालून बघितलं तर ते जुळणारच, कारण ते त्यातूनच निघालंय. त्यानं आकडेमोड बरोबर आहे एवढंच कळतं, मांडणीबद्दल काहीच कळत नाही. उत्तर हातात आलं की समीकरणावर हात ठेवायचा आणि प्रश्नाचं एकेक वाक्य वाचत जायचं, हे खरं आहे का, हे खरं आहे का. माझ्या वर्गात ताळ्याला प्रश्नातलं वाक्य लिहिलं नसेल तर मी तो ताळा धरत नाही, पोरं कुरकुरतात, कुरकुरू दे.

वयाच्या गणितात सगळ्यांचं वय वाढतं

आज वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या चौपट आहे. ५ वर्षांनी ते तिप्पट होईल. आजची वयं काढा.

यात मला दरवेळी दोन प्रकारची उत्तरं मिळतात. एकात मुलाचं वय क्ष, वडिलांचं ४क्ष, आणि मग ४क्ष + ५ = ३क्ष. वडील पाच वर्षांनी मोठे झाले, मुलगा तिथंच. उत्तर येतं क्ष = -५. आता मुलाचं वय उणे पाच आलंय म्हटल्यावर कुणीही थांबायला पाहिजे, पण नाही, उणे चिन्ह गुपचूप खोडून ५ लिहिणारी पोरं मी बघितली आहेत आणि त्याचा मला खरोखर राग येतो. चुकणं ठीक आहे, उत्तर दामटून बसवणं ठीक नाही. दुसऱ्या प्रकारात लिहितात ४क्ष = ३(क्ष + ५), इथं मुलगा मोठा झाला आणि वडील आजच्याच वयात. उत्तर १५ आणि ६०, ऐकायला छान वाटतं म्हणून हे जास्त धोक्याचं. पाच वर्षांनी २० आणि ६५ होतील, तिप्पट कुठं आहे?

माझा उपाय म्हणजे चौकट आखायची. आडव्या दोन ओळी, वडील आणि मुलगा, उभे दोन रकाने, आज आणि ५ वर्षांनी. चारही घरं भरल्याशिवाय समीकरणाला हात लावायचा नाही. आजच्या रकान्यात ४क्ष आणि क्ष, पुढच्या रकान्यात ४क्ष + ५ आणि क्ष + ५. मग "तिप्पट होईल" हे वाक्य कुठल्या रकान्याचं आहे ते बोट ठेवून सांगायचं, आणि समीकरण फक्त त्या रकान्यातून घ्यायचं. ४क्ष + ५ = ३(क्ष + ५), क्ष = १०. मुलगा १०, वडील ४०, पाच वर्षांनी १५ आणि ४५, जुळलं. "वर्षांपूर्वी" असेल तर तीच चौकट, फक्त वजा. हुशार मुलं म्हणतात चौकटीत वेळ जातो. चौकट आखायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ चुकलेलं गणित खोडून परत मांडण्यात जातो, हे मी रोज बघते.

कंसाचा विषय इथंच संपवते: "संख्येच्या तिपटीत ५ मिळवले" म्हणजे ३क्ष + ५, आणि "संख्येत ५ मिळवून येणाऱ्या बेरजेची तिप्पट" म्हणजे ३(क्ष + ५). कुठली क्रिया आधी झाली ते विचारा, जी आधी झाली ती कंसात.

शब्द बघून क्रिया ठरवायची ट्रिक

हिच्याविषयी माझं मत कडक आहे. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'जास्त' दिसलं की अधिक, 'उरले' दिसलं की वजा, असा तक्ता व्हिडिओत बघून पोरं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतात. आता हे बघा: सुमनकडे १२ शेंगापोळ्या आहेत, त्या मीनाकडच्या पोळ्यांपेक्षा ४ नं जास्त आहेत, तर मीनाकडे किती? तक्त्याप्रमाणं 'जास्त' म्हणजे बेरीज, उत्तर १६. खरं उत्तर ८. शब्द 'जास्त' आहे पण तो सुमनबद्दल बोलतोय, विचारलंय मीनाचं. क्ष + ४ = १२. हा तक्ता चौथी-पाचवीच्या गणितात चालून जातो म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो आणि आठवीत तो दगा देतो. स्पर्धा परीक्षेत पर्याय घालून उत्तर काढतात तेही मला माहीत आहे, तिथं चालतं, पण बोर्डाच्या पेपरात मांडणीला मार्क आहेत आणि मांडून सोडवायच्या गणितांना तिथं पर्याय दिलेले नसतात. फोटो काढला की सोडवून देणाऱ्या ॲपबद्दल एवढंच सांगते, मांडायला स्वतः शिकायच्या आधी ते हातात देऊ नका.

टक्क्यांत कशाचे टक्के ते विसरणं

नवी पेठेत सेलमध्ये २० टक्के सूट जाऊन चादर ६४० ला मिळाली, मूळ किंमत किती? हमखास येणारं उत्तर, ६४० चे २० टक्के १२८, म्हणून ७६८. पण सूट ६४० वर दिलेली नाही, ती मूळ किमतीवर दिली होती, जी आपल्याला माहीतच नाही. मूळ किंमत क्ष मानली तर हातात राहिले ८० टक्के, ०.८क्ष = ६४०, क्ष = ८००. ताळा गोष्टीत घ्या: ८०० चे २० टक्के १६०, गेले, राहिले ६४०. टक्के दिसले की मी शेजारी "कशाचे?" असं लिहायला लावते.

आणखी काही, थोडक्यात

वेग ताशी आणि वेळ मिनिटांत असेल तर आधी एकक एक करा. एसटी तुळजापूरला ताशी ३० किमीनं ९० मिनिटं गेली म्हणून ३० × ९० = २७०० किमी लिहिणाऱ्यानं लक्षात ठेवावं की भारताची उत्तर-दक्षिण लांबीच ३२१४ किमी आहे. दीड तास, ४५ किमी.

दोन अंकी संख्येत दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य असेल तर संख्या १०क्ष + य. क्षय लिहिलं तर तो गुणाकार होतो. अंकांची बेरीज ९ आणि अदलाबदल केल्यावर संख्या २७ नं वाढते हे उदाहरण यानंच सुटतं, उत्तर ३६.

अटी दोन आणि समीकरण एकच असेल तर एक अट वापरायची राहिली आहे, प्रश्न परत वाचा.

नगांची संख्या आणि रुपये एकाच समीकरणात मिसळू नका. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याचं मोठ्यांचं तिकीट ५० रुपये, लहान मुलांचं ३०, एकूण ४० तिकिटांचे १६४० रुपये जमले, लहान मुलांची तिकिटं किती? इथं क्ष + य = १६४० लिहिणारे असतात, म्हणजे तिकिटांची बेरीज करून रुपये आणले. मोठ्यांची तिकिटं क्ष मानली तर लहानांची ४० - क्ष, हे क्ष - ४० नव्हे, एकूणातून क्ष काढायचे आहेत. तिकिटांना दर लावला की रुपये होतात, ५०क्ष + ३०(४० - क्ष) = १६४०, म्हणजे २०क्ष = ४४०, क्ष = २२. आणि इथं २२ ला चौकट करून पेन खाली ठेवणारी मुलं प्रत्येक बॅचमध्ये असतात. २२ तिकिटं मोठ्यांची आहेत, विचारली आहेत लहान मुलांची, ती १८.