किनाऱ्यावरील मासळीचे चढउतार कसे नोंदवावेत आणि कसे वाचावेत

‘यंदा मासळी नाही’ हे वाक्य किनाऱ्यावर राहणारा प्रत्येक जण कधी ना कधी बोलतो, आणि पुढच्या वर्षी जाळी भरून आली की विसरूनही जातो. एका हंगामाची टंचाई ही समुद्राची नेहमीची उलथापालथ आहे की साठा खरोखरच खचत चालला आहे, हे नुसत्या अनुभवावरून सांगता येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने ठेवलेली नोंद लागते. अशी नोंद मच्छीमारांची संस्था, एखादी शाळा किंवा चिकाटीची दोन-चार माणसे ठेवू शकतात. वही, मोजपट्टी, तराजू, तापमापक आणि नियमितपणा एवढ्यावर कामाचा बराचसा भाग भागतो.

वजनाला श्रमाने भागावे

बंदरावर किती मासळी उतरली हे सगळेच विचारतात. ती मिळवायला किती खटपट पडली, हे फारसे कोणी लिहून ठेवत नाही. समजा, पंधरा वर्षांपूर्वी एका बंदरातील १० बोटी मिळून दिवसाला ४०० किलो मासळी आणत आणि प्रत्येक बोटीचे जाळे ४ तास पाण्यात असे. आज त्याच १० बोटी ४०० किलोच आणतात, पण जाळे १० तास पाण्यात ठेवावे लागते. वजनाचा आकडा पाहणारा म्हणेल की काहीच बदललेले नाही. श्रमाने भागाकार केला की तेव्हा बोटीमागे ताशी १० किलो आणि आता ४ किलो, हे उघड होते. म्हणून वहीत प्रत्येक फेरीसमोर पकडीच्या वजनाइतक्याच काळजीने श्रमाची नोंद करावी: गळाची मासेमारी असेल तर गळांची संख्या आणि तास, लावून ठेवायचे जाळे असेल तर त्याची लांबी, आसाचा (जाळ्याच्या एका भोकाचा) आकार आणि ते पाण्यात राहिलेला वेळ, ओढायचे जाळे असेल तर प्रत्यक्ष ओढण्याचा वेळ.

याशिवाय दोन गोष्टी हटकून राहून जातात. पहिली म्हणजे रिकामी फेरी. काहीच न मिळालेला दिवस लिहिण्यासारखा वाटत नाही, पण तो वगळला की सरासरी फुगते आणि नेमकी वाईट वर्षे बरी दिसू लागतात. दुसरी म्हणजे साधनांतील बदल. इंजिन मोठे केले, नायलॉनचे नवे जाळे आले, मासे शोधणारे यंत्र बसवले, की त्या तारखेपासून तोच एक तास पूर्वीच्या तासाइतका राहत नाही. असा प्रत्येक बदल तारखेसह वहीत स्वतंत्र ओळीवर लिहावा, कारण पाच वर्षांनी तो कोणाच्याही लक्षात राहणार नाही.

श्रमाचा हिशेब ठेवला तरी थव्याने राहणाऱ्या माशांच्या बाबतीत तो फसवू शकतो, आणि ही फसगत किती महाग पडते ते कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याने पाहिले आहे. तेथील उत्तरेकडील कॉड माशाची पकड १९६८ मध्ये सुमारे ८ लाख टनांपर्यंत पोचली होती. पुढे १९८०च्या दशकात किनाऱ्याजवळ लहान बोटींतून मासेमारी करणारे लोक सांगत राहिले की मासा कमी होतो आहे आणि आकारानेही घटतो आहे. पण बाहेरच्या समुद्रात मोठी जाळी ओढत फिरणाऱ्या ट्रॉलर बोटींची ताशी पकड चांगली दिसत होती, त्यामुळे साठ्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच वर राहिला. उरलासुरला कॉड थोड्या जागेत दाटीने गोळा होत होता आणि ट्रॉलर नेमके तिथेच जाळे टाकत होते. जुलै १९९२ मध्ये या मासेमारीवर बंदी घालावी लागली, हजारो कुटुंबांची उपजीविका गेली, आणि ती बंदी अधिकृतपणे उठायला २०२४ साल उजाडले. म्हणून पकडीसोबत जागाही लिहावी. बोटी पूर्वी दहा ठिकाणी जाळे टाकत असतील आणि आता तीनच ठिकाणी टाकत असतील, तर त्या तीन ठिकाणची भरघोस पकड पाहून निर्धास्त होऊ नये. उरलेल्या सात ठिकाणीही वर्षातून ठरलेल्या वेळी जाळे टाकून पाहावे, मग हाती काही लागो वा न लागो.

हातातला मासा मोजावा

माझ्या मते सर्वांत प्रामाणिक माहिती माशाच्या लांबीतून मिळते, आणि ती मिळवायला खर्च जवळजवळ नाही. एका सपाट फळीवर सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि शून्याच्या टोकाला एक उभी पट्टी ठोकावी. माशाचे तोंड मिटवून त्या पट्टीला टेकवावे, मासा उजव्या कुशीवर सरळ ठेवावा आणि शेपटी जिथे संपते ती खूण वाचावी. काही जण शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात, काही तिच्या मधल्या खाचेपर्यंत. दोन्ही पद्धती योग्य आहेत, परंतु एक निवडल्यावर ती कधीही बदलू नये. मापे घेण्यासाठी मासे हाताने वेचू नयेत, कारण नजर आपोआप मोठ्या माशाकडे जाते. निवडानिवड होण्यापूर्वीची एक पूर्ण टोपली घ्यावी आणि तिच्यातील त्या जातीचा प्रत्येक मासा मोजावा. कापलेल्या माश्यात गाबोळी असेल तर तीही नोंदवावी, कारण किती लांबीची मादी अंड्यावर येते हे त्यावरून ठरते, आणि त्या लांबीखालच्या माशांचे प्रमाण वाढत असेल तर पुढची पिढी जन्मण्याआधीच पकडली जात आहे असे समजावे.

एका महिन्याची मापे झाली की प्रत्येक सेंटिमीटरला किती मासे आले याचा आलेख काढावा. वर्षातून एकाच ठरावीक काळात अंडी घालणाऱ्या जातीत या आलेखाला उंचवटे दिसतात, आणि एकेक उंचवटा म्हणजे एकेका वर्षी जन्मलेली पिढी असते. ही युक्ती डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९०च्या दशकात वापरात आणली. सरासरी लांबी घटली एवढ्यावरून मात्र घाबरून जाऊ नये. लांबी दोन कारणांनी घटते: मोठे मासे संपले म्हणून, किंवा एखादी नवी, भरघोस पिढी जाळ्यात येऊ लागली म्हणून. पहिली गोष्ट वाईट आहे आणि दुसरी आनंदाची. आलेखाच्या उजव्या टोकाकडे पाहिले की फरक कळतो. मोठे मासे पूर्वीइतकेच येत असतील आणि डावीकडे नवा उंचवटा उभा राहिला असेल, तर पिढी आली आहे. उजवी बाजूच पुसली गेली असेल, तर साठा पोखरला गेला आहे. मोठ्या माद्यांची संख्या घटणे विशेष गंभीर समजावे, कारण बऱ्याच जातींत एक मोठी मादी तिच्या वजनाच्या मानानेही लहान माद्यांपेक्षा जास्त अंडी देते.

वय अधिक नेमके हवे असेल तर माशाच्या डोक्यातील खडे काढता येतात. ढोम्यासारख्या जातींत हे खडे चांगले मोठे असतात, त्यामुळे शिकण्यासाठी तेथून सुरुवात करावी. डोळ्यांच्या थोडे मागे, डोक्यावर आडवा काप घेऊन कवटी उघडली की पांढुरका मेंदू दिसतो. त्याच्या खाली दोन्ही बाजूंना एकेक पांढरा, कठीण खडा बसलेला असतो. तो चिमट्याने उचलून धुवावा, वाळवावा, आणि तारीख, जात, लांबी व जागा लिहिलेल्या कागदी पाकिटात ठेवावा. काळ्या तळाच्या बशीत थोड्या पाण्यात ठेवून भिंगाखाली पाहिले की झाडाच्या खोडात असतात तशी फिकट आणि गडद वलये दिसतात. थंड समुद्रात अशी एक जोडी म्हणजे साधारण एक वर्ष. उष्ण समुद्रात ऋतूंचा फरक कमी असल्याने वलये पुसट असतात, आणि तिथे वाचनाचे काम जाणकाराकडे सोपवावे. खडे सुकल्यावर वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून आज वाचता आले नाहीत तरी जमा करून ठेवावेत.

पिल्लांची वार्षिक मोजणी

पुढील काही वर्षांत काय होणार याची चाहूल पिल्लांवरून सर्वांत आधी लागते. १९१४ मध्ये नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी दाखवून दिले की हेरिंग माशाच्या पकडीतील मोठे चढउतार हे बहुतांशी पिढ्यांच्या कमी-अधिक जगण्यामुळे होतात. १९०४ साली जन्मलेली एकच पिढी पुढे कित्येक वर्षे तेथील मच्छीमारांची जाळी भरत होती. अंड्यांची संख्या मोठी असली म्हणजे पिढी मोठी होतेच असे नाही. अंड्यातून बाहेर पडलेल्या जीवाला पहिल्या काही आठवड्यांत खाणे मिळाले की नाही यावर पुष्कळ काही ठरते.

पिल्ले मोजण्याचा उत्तम नमुना अमेरिकेतील चेसापीक उपसागरात पाहायला मिळतो. मेरिलंड राज्यात १९५४ पासून दरवर्षी जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये ठरलेल्या जागी सुमारे ३० मीटर लांबीचे जाळे किनाऱ्याकडे ओढून स्ट्राइप्ड बास माशाची त्या वर्षीची पिल्ले मोजली जातात. या मोजणीचा आकडा १९७०च्या दशकात घसरत गेला तेव्हा धोक्याची जाणीव झाली, १९८५ पासून राज्याने मासेमारी बंद ठेवली, १९८९ मध्ये पिल्लांचा आकडा जोराने वर आल्यावर १९९० मध्ये ती मर्यादित स्वरूपात उघडली, आणि १९९५ मध्ये साठा सावरल्याचे जाहीर झाले. यातील जाळे ओढण्याचे काम कोणत्याही किनाऱ्यावर करता येते. खाडीच्या मुखाजवळील पाच-सहा उथळ, वाळूच्या जागा निवडाव्यात, भरती-ओहोटीची एकच वेळ ठरवावी, बारीक आसाचे जाळे तेच ठेवावे, पिल्ले पाण्याने भरलेल्या टबात मोजावीत आणि लगेच परत सोडावीत. अशा कामासाठी परवानगी लागत असेल तर ती आधी घ्यावी.

जुने समुद्र कसे शोधावेत

आपली वही आज सुरू झाली तर आजची स्थिती हीच ‘पूर्वीची’ ठरण्याचा धोका असतो. प्रत्येक पिढी स्वतःच्या तरुणपणी पाहिलेला समुद्र हाच भरलेला समुद्र मानते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये या सरकत्या मोजमापाकडे लक्ष वेधले. मेक्सिकोतील कॅलिफोर्नियाच्या आखातात तीन पिढ्यांच्या मच्छीमारांना विचारले असता वयस्कर मच्छीमारांनी, तरुणांनी सांगितल्या त्यापेक्षा पाचपट जाती आता घटल्याचे सांगितले. तरुण खोटे बोलत नव्हते. त्या जाती भरपूर असताना त्यांनी पाहिल्याच नव्हत्या.

म्हणून ज्येष्ठांशी बोलताना ‘पूर्वी खूप मासळी होती का’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘होती’ असेच येते. तुम्ही पकडलेला या जातीचा सर्वांत मोठा मासा कोणत्या वर्षी, कोणत्या जागी आणि कोणत्या जाळ्यात मिळाला, असे विचारावे. वर्ष आठवत नसेल तर लग्न, मुलाचा जन्म, मोठे वादळ यांच्याशी जोडून काढावे. जुने फोटो मिळाल्यास जपून ठेवावेत. फ्लोरिडातील की वेस्ट येथे हौशी मासेमारांच्या सहलींचे १९५६ ते २००७ या काळातील फोटो एकाच धक्क्यावर, एकाच फलकासमोर काढलेले होते. फलकाच्या मापावरून माशांचे आकार काढले, तेव्हा टांगलेल्या माशाचे सरासरी वजन सुमारे २० किलोंवरून २.३ किलोंवर आल्याचे दिसले. फोटोतील माणसांच्या चेहऱ्यावरचे समाधान मात्र सर्व वर्षी सारखेच आहे, आणि ती गोष्ट मला त्या आकड्याहून अधिक अस्वस्थ करते.

आलेख वाचताना

पाच वर्षांच्या आत कोणताही निष्कर्ष काढू नये, आणि तारली किंवा अँचोव्हीसारख्या अल्पायुषी, थव्याच्या माशांबाबत त्याहून जास्त थांबावे. कॅलिफोर्नियाजवळील सांता बार्बरा खोऱ्यात तळाशी प्राणवायू जवळजवळ नसल्यामुळे गाळाचे थर वर्षागणिक शाबूत राहतात. त्यांत अडकलेले खवले मोजून सुमारे १,७०० वर्षांचा इतिहास मांडला गेला आहे, आणि त्यात औद्योगिक मासेमारीच्या कितीतरी आधी सार्डिन (तारलीच्या कुळातील मासा) अनेकदा ओसरून पुन्हा भरभरून आलेले दिसते. चक्र साधारण ६० वर्षांचे आहे. याचा अर्थ घट नैसर्गिक असते म्हणून हात बांधून बसावे असा मात्र नाही. पेरूमध्ये अँचोवेटा या अँचोव्ही माशाची पकड १९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांहून अधिक होती; १९७२-७३ च्या एल निनोने पाणी तापले, मासा थोड्या थंड पट्ट्यात दाटला, तिथेही तो उपसला गेला, आणि १९७३ मध्ये पकड जेमतेम २० लाख टनांच्या आसपास राहिली. निसर्गाची उतरती बाजू आणि जाळ्यांचा जोर एकाच वेळी आले की साठा कोसळतो.

दोहोंतला फरक ओळखण्यासाठी पाण्याचे तापमान रोज एकाच जागी, एकाच वेळी घ्यावे आणि पावसाची नोंद ठेवावी. मग ज्या जातींना कोणी मुद्दाम पकडत नाही, त्यांच्याकडे पाहावे. त्याही घटल्या असतील तर पाणी, प्रदूषण किंवा पिल्लांच्या आसऱ्याच्या जागा तपासाव्यात. फक्त पकडल्या जाणाऱ्या जातीच घटल्या आणि त्यांतही मोठे मासे आधी गेले, तर कारण जाळ्यात आहे. मासेमारी थांबलेला काळ हा तर आयता प्रयोगच असतो. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी थंडावली होती, आणि १९१० ते १९२३ चे बाजारातील आकडे तपासताना इटलीचे प्राणिशास्त्रज्ञ उंबेर्तो डाँकोना यांना त्या काळात मुशी, पाकट अशा शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले आढळले. बंदीकाळ, लांबलेले वादळी हवामान किंवा अन्य कारणाने बोटी जेव्हा धक्क्याला लागतात, तेव्हा त्याआधीच्या आणि नंतरच्या दोन आठवड्यांची मापे नेहमीपेक्षा दुप्पट घ्यावीत.

वहीच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात आणि पहिल्या पानावर प्रत्येक जागेची खूण, फोटो व मोजण्याची पद्धत लिहावी. जाळे फाटून नवे घ्यावे लागले तर एक पूर्ण हंगाम जुने दुरुस्त करून दोन्ही शेजारी शेजारी ओढावीत. मोजणारा माणूस बदलला तरी हेच करावे: त्या हंगामात जुन्या आणि नव्या माणसाने तोच मासा एकमेकांचा आकडा न पाहता मोजावा, आणि दोन्ही मापे वहीत शेजारच्या रकान्यांत लिहावीत.