नाव आधी सुचतं, तिथेच ओळख चुकते: रानात या चुका टाळा

पक्षी दिसला की मनात पटकन एक नाव येतं आणि मग डोळे त्या नावाला साजेशाच खुणा शोधतात. म्हणून नाव सुचलं की लगेच उलटा प्रश्न विचारा: हा तो नसेल तर दुसरा कोण असेल, आणि दोघांत फरक कुठे दिसेल?

रंगावर विसंबणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. कोकिळ नर काळाभोर, तर मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. गायबगळा एरवी पांढराशुभ्र, पण विणीच्या काळात डोकं, मान आणि पाठ नारिंगी होते. घाणेरीच्या एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं दिसतात, कारण उमललेल्या फुलाचा रंग पुढे बदलत जातो. त्यापेक्षा चोच, पाय, शेपटी बघा. ‘लहान बगळा’ या जातीची चोच काळी, पाय काळे, पण बोटं पिवळी! पाण्यातून पाय वर येईपर्यंत थांबायची तयारी मात्र हवी.

फुलपाखरांत तर नक्कलच चालते. प्लेन टायगरची अळी रुईच्या कुळातली पानं खाते, त्यातलं विष पुढे फुलपाखरातही उतरतं, त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब तसाच नारिंगी वेष घेते. मागचा पंख नीट बघा: प्लेन टायगरच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, या मादीला वरच्या कडेला एकच.

झाडांच्या बाबतीत हमखास होणारी चूक म्हणजे पर्णिकेलाच, म्हणजे अनेक पात्यांच्या पानातल्या एका पात्याला, पान समजणं. कडुनिंबाचं दातेरी, वाकडं पातं हातात घेऊन आपण ‘पान’ म्हणतो, पण ती पर्णिका. देठ फांदीला जिथे जुळतो तिथे बोटाने चाचपा. बगलेत बारीकशी कळी लागली, तर पान तिथून सुरू होतं. पर्णिकेच्या बुडाशी अशी कळी कधीच नसते. एवढं कळलं की पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हेही बरोबर सांगता येतं. फक्त फुलाचा फोटो काढून परतू नका. पानाची मागची बाजू आणि खोडाची सालही टिपा.

सापांबाबत मात्र माझं स्पष्ट मत आहे: खुणा वाचून धीट होऊ नका. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. अत्यंत विषारी मण्यारचे डोक्याकडे विरळ आणि शेपटीकडे ठळक असतात. पण मण्यारच्या पिल्लाच्या खुणा डोक्याजवळही दिसतात आणि एखाद्या मण्यारला पट्टे जवळजवळ नसतातच. दुरूनच झूम करून फोटो घ्या. खात्री नसेल तर वहीत ‘पट्टेरी साप, जात अनिश्चित’ एवढंच लिहा.