जुनी सहा सिलिंडरची बीएमडब्ल्यू: एम५४ इंजिनच्या बाबतीत या चुका टाळा

बीएमडब्ल्यूचं एम५४ इंजिन २००० साली आलं. एका रांगेत सहा सिलिंडर, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, आत बिडाचे लायनर, दोन्ही कॅमशाफ्टना व्हॅनोस (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा), टायमिंगला बेल्टऐवजी चेन. २.२, २.५ आणि ३ लिटर अशी तीन मापं. थोरलं २३१ पीएसचं. यातला धातू सहजी थकत नाही. थकतं ते आजूबाजूचं प्लॅस्टिक आणि रबर, आणि मालक खर्चाला हात आखडता घेतो तो नेमका तिथेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टेंपरेचरच्या काट्यावर विसंबणं. हे इंजिन असलेल्या ई४६ पिढीच्या थ्री सिरीजचा काटा मुद्दाम शांत ठेवलाय. कुलंट साधारण ७५ अंशांवर असो की ११०, तो मधोमधच उभा. तो उजवीकडे सरकला की गाडी लगेच बाजूला घेऊन बंद करा. ‘घरापर्यंत जाईल’ म्हणत दामटू नका. जास्त तापलं की हेड वाकतं, शिवाय हेड बोल्टचे ब्लॉकमधले आटे जातात. मग नुसतं हेड गॅस्केट बदलून काही होत नाही. बोल्ट धरतच नाहीत, आट्यांत इन्सर्ट बसवावे लागतात. त्यापेक्षा गाडीच्या कंप्युटरमधली माहिती दाखवणारा साधा ओबीडी स्कॅनर लावून खरा आकडा बघत जा.

कुलंटची एक्स्पान्शन टँक फुटली म्हणून तेवढीच बदलणं हीसुद्धा काटकसर नव्हे. रेडिएटर, पाइप, वॉटर पंप, थर्मोस्टॅट हे सगळे त्याच वयाचे असतात. एकदाच उरका. नंतर हवा नीट काढा: इंजिन बंद, इग्निशन चालू, हीटर पूर्ण गरमवर, पंखा हळू. टँकजवळचा ब्लीड स्क्रू सैल करून कुलंट सावकाश ओता. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू बंद. तो प्लॅस्टिकचा आहे, जोर लावू नका.

गाडी ऑइल खाते म्हणून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरणारे बरेच. पिस्टनच्या ऑइल रिंगा हे कारण असू शकतं, पण आधी क्रँककेस ब्रीदरचा (इंजिनच्या पोटातली वाफ पुन्हा इनटेकमध्ये सोडणारा) व्हॉल्व्ह बघा. त्याचा पडदा फाटला की इंजिन ऑइल ओढून घेतं आणि मागून निळा धूर येतो. आयडलिंगला ऑइलचं झाकण उचलून बघा. आतून जोरात ओढ लागली तर चोर सापडला. व्हॅनोस ऑइलच्या दाबावरच चालतं, जाड ऑइलने त्याचंच नुकसान.

स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०१७४ हे कोड (मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी) एकत्र आले की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलत सुटतात. बहुतेक वेळा एअरफ्लो मीटरच्या पुढचे रबरी बूट, म्हणजे इंजिनकडे हवा नेणाऱ्या घडीच्या नळ्या, चिरलेले असतात. चीर घडीत लपते; बूट वाकवल्याशिवाय दिसत नाही.

डिसा व्हॉल्व्हची (आत येणाऱ्या हवेची वाट बदलणारी झडप) खडखड मात्र अजिबात चालवून घेऊ नका. तो इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूला असतो, दोन स्क्रू काढले की हातात येतो. झडप ढिली झाली असेल तर तिची पिन सुटून थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकते.

खालच्या आरपीएमला पिकअप मेला असेल तर अख्खं व्हॅनोस युनिट घेऊ नका. बऱ्याचदा आतले कडक झालेले सील बदलले तरी भागतं. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट गळतंय म्हणून बोल्ट आवळण्यातही अर्थ नाही. नवं गॅस्केट टाका, १० न्यूटन-मीटर पुरे. ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केटही त्याच दिवशी बघून घ्या, तिथलं ऑइल खाली अल्टरनेटरवर आणि बेल्टवर ठिबकतं.