ताऱ्याच्या वर्णपटातून शहराचा उजेड वजा करताना

येळ्ळूरच्या राजहंसगडावरून रात्री बेळगावच्या दिशेला पाहिले, तर क्षितिजावर जो पांढुरका फुगवटा दिसतो, तोच आपण टिपलेल्या ताऱ्याच्या वर्णपटातही, म्हणजे तरंगलांबीनुसार उलगडलेल्या प्रकाशातही, उतरलेला असतो. त्यात जुन्या सोडियम दिव्यांचा 589 नॅनोमीटरभोवतीचा रुंद पट्टा असतो, एलईडीचा 450 नॅनोमीटरजवळचा निळा उंचवटा असतो आणि त्यापलीकडे तांबड्यापर्यंत पसरलेला सलग उजेडही असतो. 557.7 नॅनोमीटरची हिरवी रेषा मात्र वातावरणातील ऑक्सिजनची असल्यामुळे ती गडद आकाशातही सोबत करते.

खाच, म्हणजे प्रकाश आत घेणारी अरुंद फट, असलेल्या वर्णपटमापकाच्या चित्रात ताऱ्याचा वर्णपट एका अरुंद आडव्या पट्टीत मावतो, तर आकाशाच्या रेषा खाचेच्या पूर्ण उंचीभर उभ्या पसरतात, आणि वजाबाकीची सगळी रीत याच फरकावर उभी आहे. डार्क (झाकण लावून घेतलेले चित्र) व फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे चित्र) वापरून कॅमेऱ्याचे दोष दुरुस्त झाल्यावर ताऱ्याच्या पट्टीच्या वर आणि खाली, थोडे अंतर सोडून, एकेक मोकळा पट्टा निवडावा. प्रत्येक स्तंभात, म्हणजे एकाच तरंगलांबीच्या उभ्या ओळीत, या दोन्ही पट्ट्यांतील पिक्सेलांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधले मूल्य) काढून तो ताऱ्याच्या पट्टीतील प्रत्येक पिक्सेलमधून वजा करावा. सरासरीऐवजी मध्यक घेण्याचे कारण असे की, पट्ट्यात एखादा अंधुक तारा किंवा वैश्विक किरणाचा ठिपका आला, तरी त्याने हिशेब फारसा बिघडत नाही. शहराच्या बाजूला उजेड चढता असेल, तर दोन्ही पट्ट्यांमधून सरळ रेषा बसवून ताऱ्याच्या जागेचे मूल्य काढावे.

मात्र वजाबाकीपूर्वी चित्राचा तिरपेपणा आणि रेषांची वक्रता दुरुस्त करणे अनिवार्य आहे, आणि नवशिक्यांची खरी फसगत येथेच होते. उभी रेषा किंचित वाकडी राहिली, तर वजाबाकीनंतर तिच्या एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खळगा उरतो. सोडियम गरजेपेक्षा जास्त वजा झाला, तर 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरला असे खळगे पडतात की ते आंतरतारकीय सोडियमच्या शोषणरेषा भासाव्यात. हेलियमची 587.6 ची रेषा शेजारीच असल्याने तिचे मापनही त्यात बिघडू शकते. म्हणून ताऱ्यापासून दूरचा, हिशेबात न घेतलेला मोकळा पट्टा तारा समजून त्याच रीतीने काढून पाहावा. तो शून्याभोवती सपाट आला नाही, तर दोष ताऱ्याचा नसून आपल्या दुरुस्तीचा आहे. तारा तेजोमेघात असेल, तर मेघाचीच हायड्रोजन-अल्फा रेषा पार्श्वभूमी म्हणून वजा होणार नाही, हेही पाहावे.

प्रकाशप्रदूषण अडवणारा फिल्टर येथे लावू नये, कारण तो आपल्याला हवा असलेला वर्णपटच कापतो. स्टार ॲनालायझरसारख्या, खाच नसलेल्या जाळीत (प्रकाश रंगांत फोडणाऱ्या बारीक रेघांच्या काचेत) आकाशाच्या रेषा वेगळ्या दिसत नाहीत, सगळा उजेड एकमेकांत मिसळून पसरतो. तेथे वर-खालच्या पट्ट्यांमधून गुळगुळीत पातळी काढली की काम भागते.

वजाबाकीने उजेड जातो, त्याचा गोंगाट, म्हणजे मोजणीतील यादृच्छिक चढउतार, जात नाही. कॅमेऱ्यात ताऱ्याच्या प्रकाशाचे 400 आणि आकाशाच्या प्रकाशाचे 1600 इलेक्ट्रॉन जमले असतील, तर गोंगाट 2000 च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे 45 राहतो आणि संकेत-गोंगाट गुणोत्तर 9 च्या आसपास येते. आकाश काळे असते, तर तेच 20 आले असते. त्यामुळे अभिजितसारखा तेजस्वी तारा बेळगावातल्या गच्चीवरून खुशाल घ्यावा, पण अंधुक ताऱ्यासाठी पावसाळा सरल्यावर शहरापासून दूर, काळोख्या जांबोटी-कणकुंबीकडे गाडी काढणेच बरे.